डायल एकवर, तरी शॉट पळतोच: पार्ल्यातल्या एका एस्प्रेसो ग्राइंडरची दुरुस्ती

तक्रार

विलेपार्ले पूर्वेतल्या एका घरातलं एस्प्रेसो मशीन. ग्राइंडर पोटातच असलेलं, ५४ मिलिमीटरचा पोर्टाफिल्टर (पूड भरून मशीनला अडकवायचा दांडा), पंपावर १५ बार लिहिलेलं, समोर दाबाचा काटा. वय पाच वर्षं. हौसेनं घेतलं मुलानं. तो नोकरीसाठी बाहेरगावी गेला आणि मशीन आईवडिलांकडे राहिलं. काका-काकूंना त्याची सवय लागली. दिवसाला तीन डबल शॉट, सगळे दुधात, काकांच्या कपात वर दोन चमचे साखर. दाणे माटुंग्याहून येतात: पीबेरी आणि प्लँटेशन ए निम्मी निम्मी, गडद भाजलेली. चिकरी नाही. चिकरीचं मी पहिल्याच फोनवर विचारून घेतो, कारण फिल्टर कॉफीची तयार पूड बास्केटमध्ये, म्हणजे पोर्टाफिल्टरच्या जाळीच्या वाटीत, दाबून "मशीन चोंदलं" म्हणणारी घरं मुंबईत कमी नाहीत.

इथे उलटं होतं. शॉट बारा सेकंदांत संपत होता. धार सुरुवातीपासूनच फिकट आणि जाड, चव आंबट, आणि दाबाचा काटा पहिल्या पट्ट्याच्या वर येतच नव्हता. बाहेरच्या डायलवर १ ते १६ आकडे, लहान आकडा म्हणजे बारीक दळण. मुलगा होता तेव्हा डायल सात-आठवर असायचा. मग तो पाचवर आला, तीनवर आला आणि शेवटी एकवर. "आता याच्याखाली आकडाच नाही," काका म्हणाले.

सर्व्हिस सेंटरनं अख्खा ग्राइंडर बदलायला सांगितलं होतं. त्याचा आकडा ऐकून काकूंनी नवीन मशीनच्या किमती बघायला सुरुवात केली होती. भाच्याचं निदान वेगळं होतं: ग्राइंडरचे दळणारे दाते झिजलेत, शिम (उंची वाढवायची पातळ चकती) घातली की काम झालं. त्यानं पातळ शिमचा संच ऑनलाइन मागवूनही ठेवला होता. पावसाळ्यापासून बिघडलं, म्हणून शेजाऱ्यांनी हवेला दोष दिला. मुंबईत पावसाळ्यावर खापर फोडलं की कुणी हरकत घेत नाही.

माझं लक्ष मात्र काकांच्या एका वाक्यानं वेधलं. "पाचवर ठेवलं काय नि एकवर ठेवलं काय, सारखंच येतं." डायल फिरवून फरक पडतो पण पुरत नाही, हा एक आजार, डायल फिरवून फरकच पडत नाही, हा दुसरा. दाते झिजले तरी डायलचं ऐकतात, फक्त आकडे खाली सरकतात. डायलचं ऐकणंच बंद झालं असेल तर ज्याला तो हलवतो ते जागेवर घट्ट बसलेलं नाही, अशी शंका आधी घ्यावी. दोन्ही आजारांत कॉफी पाणचट येते म्हणून दोन्हींवर "आणखी बारीक कर" हाच उपाय केला जातो, आणि डायल एकवर पोचेपर्यंत कुणी थांबत नाही.

उघडण्याआधी

स्क्रू ड्रायव्हरला हात लावण्याआधी पंप, दाणे, वजन आणि दळण ही चौघं वेगळी करावी लागतात. एस्प्रेसोत दाब पंप देतो, पण तो टिकतो कॉफीच्या दाबलेल्या थराच्या अडवणुकीमुळे. पंपावर १५ बार लिहिलेलं असतं ती त्याची कमाल ताकद. थरावर साधारण ९ बार मिळाले म्हणजे झालं. थरानं अडवलंच नाही तर पंप कितीही दणकट असो, काटा हलणार नाही. म्हणून काटा खाली दिसला की पंप गेला असं ठरवू नये.

मशीन धुण्यासाठी रबराची बिनभोकाची चकती मिळते. ती बास्केटमध्ये टाकून पंप चालू केला. काटा थेट वरच्या टोकाला गेला. पंप ठणठणीत.

मग वजन. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा नसेल तर या कामाला हात घालू नये, असं माझं ठाम मत आहे. या ग्राइंडरला किती ग्रॅम दळले ते कळत नाही, त्याला फक्त किती सेकंद फिरलो ते कळतं. दळण बदललं किंवा नळीची वाट अडली की त्याच सेकंदांत पडणारी पूड बदलते. सेकंद मात्र मुलानं लावलेलेच राहिले होते. बास्केटमध्ये १८ ग्रॅम हवे होते तिथे साडेचौदाच पडत होते. हातानं भर घालून १८ केले तर बारा सेकंदांचे सतरा झाले. म्हणजे दोषाचा एक भाग इथे होता, सगळा नव्हे. घरगुती मशीनवर माझा ठोकताळा साधा आहे: १८ ग्रॅम आत, ३६ ग्रॅम बाहेर, २५ ते ३० सेकंदांत. यात धर्मशास्त्र काही नाही, पण दुरुस्ती करताना एक खुंटी गाडलेली बरी.

दाण्यांची शंका फेडायला नुकतीच भाजलेली दुसरी पिशवी वापरली. भाजल्यावर दाण्यात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड आठवड्यागणिक निघून जातो आणि शिळ्या दाण्यांचा थर पाण्याला कमी अडवतो, त्यामुळे शॉट पळतो. ताज्या दाण्यांनी दोन सेकंद वाढले, एवढंच.

शेवटी माझ्या हातग्राइंडरवर तेच दाणे दळले, १८ ग्रॅम भरले, त्याच टॅम्परनं (पूड दाबायच्या ठोकळ्यानं) दाबले. ३६ ग्रॅम, २८ सेकंद, काटा मधोमध. हा प्रयोग आधीच का करत नाही, असं भाच्यानं विचारलं. करता येतो, पण मग पूड कमी पडते आहे हे लपून गेलं असतं आणि ग्राइंडर नीट करूनही महिनाभरात पुन्हा बोलावणं आलं असतं.

बास्केटबद्दलही विचारलं. उन्हाळ्यात काकूंकडे एकेरी तळाची बास्केट होती. पावसाळ्यात शॉट पळायला लागल्यावर त्यांनी डब्यातली दुहेरी तळाची बास्केट काढली, आणि काही आठवडे सगळं छान चाललं. ही बास्केट फसवी असते. तिच्या बाहेरच्या तळाला एकच बारीक भोक असतं, अडवणूक ते भोक करतं, कॉफी नाही. वर फेसही भरपूर येतो. बाजारातली तयार पूड वापरणाऱ्यांसाठी ती सोय आहे. घरात ग्राइंडर असताना ती वापरली की ग्राइंडरचं दुखणं महिनोन्महिने कळत नाही. इथे तेच झालं. एकेरी बास्केट परत लावली तेव्हा बिघाड अचानक आल्यासारखा वाटला. आला होता तो कधीचाच.

काकूंचं एक वाक्य मी त्या वेळी नुसतंच लिहून घेतलं: "हल्ली तो वरचा दाण्यांचा डबा बसवताना जोर लावावा लागतो."

उघडल्यावर

आधी पिन प्लगमधून काढली. नुसता खटका बंद करून चालत नाही. बोटं दातांत जाणार असतात. हॉपर, म्हणजे तो वरचा दाण्यांचा डबा, उतरवला, उरलेले दाणे व्हॅक्यूम क्लीनरनं ओढून घेतले.

या जातीच्या ग्राइंडरची रचना सोपी आहे. खाली मोटरवर फिरणारा दातेरी शंकू, त्याभोवती वरून बसवलेलं स्थिर दातेरी कडं. दाणा दोघांच्या फटीत वरून शिरतो, खाली जाताना बारीक होत जातो आणि शंकूखालचा प्लास्टिकचा पंखा पूड नळीत ढकलतो. डायल फिरवला की कड्याची बैठक वरखाली होते आणि फट कमीजास्त होते. कडं बैठकीत घालून फिरवलं की त्याचे कान खाचेत अडकतात, वरून हॉपर बसतो आणि ते दाबून धरतो.

तारेची मूठ धरून कडं उचललं तर ते न फिरवताच हातात आलं. कान खाचेत गेलेलेच नव्हते.

बैठकीवर तपकिरी-पांढरट कवच साचलं होतं, वाळलेल्या लापशीसारखं. कॉफीची पूड आणि तेल असतं तर ते काळपट आणि चिकट निघालं असतं. हे टणक होतं आणि नखानं उडत होतं. त्यात पांढऱ्या कण्या दिसल्या. मी काकूंकडे पाहिलं.

"तांदूळ फिरवले होते का कधी?"

"हो, आषाढात. वास यायला लागला होता ना. मिक्सरला नाही का आपण तांदूळ फिरवत, धार येते, स्वच्छही होतं."

मिक्सरला चालतं. कॉफीच्या ग्राइंडरला कच्चा तांदूळ घालू नये. भाजलेला कॉफीचा दाणा ठिसूळ असतो, तांदूळ टणक. छोट्या मोटरवर ताण येतो, आतल्या प्लास्टिकच्या गिअरचे दाते जाऊ शकतात, आणि पीठ कानाकोपऱ्यात शिरून बसतं. तेवढंच असतं तर ब्रशनं निघालं असतं. काकूंनी त्यानंतर कडं नळाखाली धुतलं, पुसलं आणि ओलसर असतानाच बसवलं. पीठ, कॉफीचं तेल, पाण्याचा अंश आणि त्यावर जुलैची मुंबईची हवा. त्याचं लुकण झालं आणि दसऱ्यापर्यंत ते दगडासारखं वाळलं. दातांवर गंजाचे दोन-तीन बारीक ठिपकेही होते. पोलादी दाते या शहरात ओले ठेवायचे नसतात.

आता सगळ्या खुणा जुळत होत्या. कवच खरवडून व्हर्नियरमध्ये धरलं तेव्हा जाड तुकडे ०.३ ते ०.४ मिलिमीटर भरले. ऐकायला काहीच नाही. पण एस्प्रेसोच्या पुडीचे मोठे कण याच मापाचे असतात, आणि डायलचा एक आकडा फट मिलिमीटरच्या काही शतांश भागानंच बदलतो. कडं कवचावर टेकल्यानं उंच राहिलं; उंच राहिल्यानं कान खाचेत शिरले नाहीत; कान मोकळे, म्हणून दाणे दळले जाताना कडं आणखी वर उचललं जायचं, थेट हॉपरच्या बुडाला टेकेपर्यंत. फट डायल ठरवत नव्हता, हॉपरचं बूड ठरवत होतं. डायल पाच असो की एक, पूड तीच. आणि वर आलेलं कडं हॉपरला ढकलत होतं, म्हणूनच तो बसवायला जोर लागत होता.

झीज की साचणं

भाचा हट्टाला पेटला होता. पाच वर्षं झाली, दाते झिजलेच असणार. हिशेब कागदावर मांडला. दिवसाला तीन शॉट, दर शॉटला १८ ग्रॅम, म्हणजे रोजचे ५४. वर्षाचे वीस किलोच्या आत, पाच वर्षांचे शंभर किलोच्या आत. असल्या लहान पोलादी दात्यांचं आयुष्य काहीशे किलोंमध्ये मोजतात. वर्षं मोजून झीज कळत नाही, किलो मोजावे लागतात. ज्या कॅफेत रोज दोन-तीन किलो दळले जातात तिथे महिना-दीड महिन्यात या घराची पाच वर्षं होतात. शिवाय नख दात्याच्या कडेवर आडवं ओढलं तर खरवडल्यासारखं लागत होतं, आणि उजेडात धरल्यावर कडेला चमकणारी पांढरी रेघ दिसत नव्हती. बोथट धार उजेड परतवते, तीक्ष्ण धार परतवत नाही. सुरीला लावायची हीच परीक्षा इथेही चालते.

शिमबद्दल माझं मत जरा कडक आहे. खालच्या शंकूखाली पातळ चकती सरकवून तो वर उचलायचा, म्हणजे फट कमी होते. झिजलेल्या दातांवर हा रास्त उपाय आहे, काही वर्षं काढून देतो. पण इथे कवचासकट शिम घातली असती तर शॉट कदाचित सुधारलाही असता, आणि पुढे कधीतरी कुणी बैठक साफ केली असती त्या दिवशी पोलाद पोलादावर घासलं असतं. उपाय लागू पडला म्हणून निदान बरोबर होतं असं होत नाही.

सफाई

खालचा शंकू काढायला १० मिलिमीटरची गोटी लागली. याला उलटे आटे असतात: घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की सैल होतो. हे न कळल्यानं नेहमीच्या दिशेला जोर लावून बोल्टची डोकी गोल केलेली मशीनं माझ्याकडे आलेली आहेत. शंकू फिरू नये म्हणून काहीजण दातांत स्क्रू ड्रायव्हर अडकवतात, दाते उडतात. जाड फडकं गुंडाळून धरलं तरी पुरतं. निघताना शंकू, त्याची चावी, वॉशर आणि पंखा ज्या क्रमानं येतील त्याचा फोटो काढून ठेवावा. वॉशर उलट बसला तर शंकूची उंची बदलते आणि सगळी जुळवणी चुकते.

कवच लाकडी टूथपिक आणि नायलॉनच्या ब्रशनं काढलं. पाणी अजिबात नाही. बैठकीच्या आट्यांत अडकलेलं काढायला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण घाई केली तर प्लास्टिकचे आटे ओरखडतात. नळीतून कोंबलेली पूड निघाली ती चहाचा चमचाभर, त्यातही कण्या. गंजाचे ठिपके कोरड्या ब्रशनं गेले. तेल, ग्रीस काही लावलं नाही. तिथून कॉफी जाते.

कडं परत घातलं आणि फिरवलं. कान खाचेत जाताना टक असा आवाज आला. हॉपर एका बोटानं बसला.

जुळवणी

दाणे न घालता मोटर चालू ठेवून डायल हळूहळू बारीककडे नेला. दाते एकमेकांना निसटते लागले की किर्र असा बारीक आवाज येतो. तो या ग्राइंडरचा शून्य. आवाज येताक्षणी मागे फिरायचं, तिथे रेंगाळायचं नाही. सफाईआधी हीच परीक्षा केली तेव्हा डायल एकवर नेऊनही आवाज आला नव्हता. आता बाहेरच्या डायलवर नाही आला, पण आतलं मापही खाली नेलं तेव्हा आला. म्हणजे दात्यांना भिडण्याइतकी जागा शिल्लक होती आणि शिमची गरज नव्हती. भाच्यानं आवाज ऐकला आणि संच गुपचूप पिशवीत टाकला.

आतलं माप म्हणजे वरच्या कड्यावरचेच १ ते १० आकडे. तारेची मूठ काढून कड्याचा आकडा बदलता येतो. कारखान्यातून ते सहावर येतं, इथेही सहावरच होतं. त्यावर डायल तीनला ठेवून २२ सेकंद मिळाले. डायल आणखी खाली नेऊन भागलं असतं, पण मग पुढच्या पिशवीला जागा उरली नसती. म्हणून आतला आकडा पाच केला आणि डायल वर सातला आणला. मधोमध काम चाललं की दोन्हीकडे फिरायला वाव राहतो.

ही जुळवणी करताना दोन गोष्टी पाळाव्या लागतात. बारीककडे जाताना मोटर फिरती हवी, नाहीतर फटीत अडकलेले दाणे चिरडून कडं जाम होतं. आणि आकडा बदलल्यावर पहिल्या दहा-बारा ग्रॅम पुडीत आधीच्या मापाची, नळीत राहिलेली पूड मिसळलेली असते. तिच्यावरून निकाल लावला की माणूस उगाच पुढे-मागे फिरत राहतो. ती बाजूला काढायची. काकूंना हे पटेना. पाव किलोच्या पिशवीतला चांगलाच वाटा असा बाजूला निघाला, तो त्यांनी पितळी फिल्टरमध्ये घातला. एस्प्रेसोची पूड फिल्टरला फार बारीक. सकाळी घातलेलं दुपारी टिपकत होतं.

दळण ठरल्यावर मगच सेकंद बदलून पूड १८ ग्रॅमवर आणली. हा क्रम उलटा केला तर दोन्ही कामं दोनदा करावी लागतात. अखेरचा शॉट ३६ ग्रॅम, २८ सेकंद, काटा मध्यावर. काकांनी साखर घालून प्यायला आणि "बरा आहे" म्हणाले. काकूंनी दूध घालण्याआधी चमचाभर चाखला, आणि नव्या मशीनच्या किमती बघणं तिथेच थांबलं.

मशीनची जागाही बदलली. ते गॅसच्या शेजारी होतं, फोडणीची वाफ थेट हॉपरवर. आता हॉपरमध्ये फक्त त्या दिवसापुरते दाणे घालतात, बाकीचे घट्ट झाकणाच्या डब्यात. वास आला तर कडं काढून कोरडा ब्रश फिरवायचा. तांदूळ मिक्सरसाठी.

एक गोष्ट राहिली. शंकूखालच्या पंख्याची पाती टोकाला थोडी झिजली आहेत, बहुधा कण्यांमुळे, त्यामुळे दर वेळी दोनेक ग्रॅम पूड नळीत मागे राहते. सकाळचा पहिला शॉट म्हणूनच दिवसभरातल्यांपेक्षा जरा शिळा लागतो. पंखा सुटा मिळाला तर बदलायचा, नाहीतर सकाळी दोन-तीन ग्रॅम दळून टाकून द्यायचे, असं मी सांगितलं. टाकून द्यायला काकूंची तयारी नाही. सकाळचा पहिला कप काकांचा असतो आणि त्यात साखर असते, तेव्हा पंखा मिळेपर्यंत असंच चालू ठेवायचं ठरलं.